खोलीची शांतता

मुलाखत संपली की मी हात वर करतो.
कुणी हलायचं नाही, पूर्ण एक मिनिट.
खोलीची शांतता टिपून घ्यायची असते,
कारण प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते
आणि दोन वाक्यांमधली भोकं
त्याच खोलीच्या गप्पपणानं बुजवावी लागतात.

व्हॅन नाइजमधलं भाड्याचं घर.
फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केलाय,
आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवलीय,
म्हणजे जाताना चालू करायचं विसरणार नाही.

खुर्चीत शेल्बी ऑस्टरमन. वय चौतीस.
सतराव्या वर्षी चार पोरांबरोबर
टेकडीवरच्या एका नटीच्या घरात शिरली,
धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून,
सहा वेळा.
घर कधी रिकामं, ते नटीच सांगायची:
आज विमानतळ, उद्या बर्फ,
परवा कुणाच्या तरी लग्नात अनवाणी.

"चोरी नव्हती हो ती," शेल्बी म्हणते.
"आम्ही नुसते बसायचो. तिच्या पलंगावर, तिच्या वासात.
तिसऱ्या वेळी मी तिच्या ब्रशनं दात घासले."
मग थांबून: "हे डाव्या गालाकडून पुन्हा घेऊ या का?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणे.
इथे ते आम्हीच आणलंय,
दिवसाच्या भाड्यानं, तिपाईवर.

खटल्याच्या पहिल्या दिवशी
पायऱ्यांवर चोवीस कॅमेरे होते. तिनं मोजले होते.
पायात नटीचेच बूट होते,
आणि ते कुणीच ओळखले नाहीत.
रडू तिला या वाक्यावर येतं,
तुरुंगाच्या नाही.

मी हात वर केला.
अकराव्या सेकंदाला: "झालं?"
पुन्हा. एकोणिसाव्याला बांगडी वाजली.
पुन्हा. "हे लोकांना ऐकू येणार?"
नाही, म्हटलं, शांतता कुणाला ऐकू येत नाही,
नसली तरच कळते.
"मग मी कशाला बसलेय?"
एक अख्खं मिनिट
तिच्याकडून निघालं नाही ते नाहीच.

आदल्या दिवशी त्याच खुर्चीत ओतिलिया होती.
त्या घरात नऊ वर्षं कपाटं लावणारी.
एक हँगर उलटा टांगलेला तिला दिसला,
बुटांच्या रांगेत बोटभर जास्त फट दिसली.
तिनं सांगितलं.
ज्यानं सांगितलं त्याचीच झडती आधी होते:
तेरा तास चौकीत,
बहिणीच्या गॅरेजमधली फरशी उखडलेली,
आणि नंतर नोकरी नाही.
खिडकी मीच उघडी ठेवायचे, ती म्हणाली,
वाफ कोंडायची ना.
हे तिनं स्पॅनिशमध्ये दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

मग मी हात वर केला होता
आणि ती गप्प बसली.
दुसऱ्याच्या खोलीत कसं असावं
हे अंगात मुरलेल्या माणसासारखी.
माझाच हात खाली यायचा राहिला,
घड्याळ बघितलं तर अडीच मिनिटं.

चित्रपट आला. तीन भाग.
ओतिलिया कापली गेली.
तिच्यामुळे गोष्ट अडखळते, असं ठरलं.
पण शेल्बीकडे शांतता नव्हती
आणि भोकं तर बुजवायची होती.
म्हणून जिथं जिथं शेल्बी थांबते,
ओठ चावते, छताकडे बघते,
तिथं खाली ओतिलिया अंथरलीय.

रविवारी तिचा फोन आला.
मी कुठे आहे त्यात? सगळं बघितलं आम्ही.
काय सांगणार. खरं ते सांगितलं:
दुसरा भाग, बाविसावं मिनिट,
ती रडायच्या जरा आधी.

तासाभरानं पुन्हा फोन.
टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवून ऐकलं, म्हणाली,
पोरांना गप्प बसवलं, पंखा बंद केला.
सापडले.
माझं पोट वाजलंय त्यात.
त्या दिवशी तुम्ही लोकांनी म्हटलं होतं ना,
जेवण नंतर देऊ.