उलाळ

पेट्रोल पंपावर ट्रेलर भाड्याने मिळाला, चार तासांसाठी.
ताइस्तो म्हणाला, गोळ्यावर कडी बसली की
टक् असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय हलू नकोस.
ऐकला. मग दांडी उचलून पाहिली,
तिच्यासोबत मोटारीचं बूडही वर आलं, म्हणजे बसली.
सुटीची तार हुकात. पुढचं छोटं चाक वर, पिळून घट्ट.
दिव्यांची वायर लावली आणि तिथे घोळ झाला.
दिवे बघायला मागे कुणी तरी उभं राहावं लागतं,
आणि मागे होती आउने,
अकरा दिवस माझ्याशी न बोललेली.

डावा दाखवला. तिने डावा हात वर केला.
उजवा. उजवा हात.
ब्रेक दाबला, तिने दोन्ही हात वर केले,
पकडलेल्या चोरासारखे.
मी आरशात हसले. ती नाही.

सुओमुस्सल्मीचं घर विकलं होतं. उरला होता आईचा माग.
तो आउनेच्या कायानीतल्या दोन खोल्यांत जाणार होता,
जिथे तो मावणार नाही हे मोजून सांगितलं
हाच माझा गुन्हा.
आडवी लाकडं, फण्या, चिंध्यांचे गुंडे,
सगळं पट्ट्यांनी आवळलं, ओढून पाहिलं.
शेवटी तिने सौनाच्या दगडांची पेटी आणली.
दगड, मी म्हटलं. दगड तिथेही मिळतात.
तिने पेटी ढकलली ट्रेलरच्या अगदी शेवटच्या फळीवर
आणि झडप लावली.
भांडण नको म्हणून मी गप्प बसले.
दांडी पुन्हा उचलून पाहायला हवी होती.

पाइन, तळं, पाइन, तळं.
काटा नव्वदवर गेलेला, लक्षात नाही आलं.
उतारावर समोरून ओंडक्यांचा ट्रक आला,
त्याच्या वाऱ्याचा एक धक्का बसला
आणि मागचं ते डोलायला लागलं.
आधी जरासं. मग आरशात या बाजूला,
मग त्या बाजूला, दर खेपेला थोडं जास्त,
आणि मोटार त्याच्या मागे मागे जाऊ लागली,
म्हणजे कोण कुणाला ओढतंय तेच कळेना.
पाय ब्रेककडे धावला.
मनगट चाक उलटं फिरवायला निघालं.
दोन्ही चूक. हे मला ठाऊक होतं,
पायाला नव्हतं.
पाय उचलला. हात सरळ धरून ठेवले.
काहीच न करणं इतकं अवघड असतं,
बोटं पांढरी पडतात.
ऐंशी. सत्तर. साठ.
शेपूट शांत झालं.

बसथांब्याच्या खडीवर उभी केली.
दांडी पाहिली तर अगदी हलकी.
थोडं आणखी मागे जड झालं असतं
तर आमचंच बूड उचललं असतं.
आउने उतरली. झडप उघडली. पेटीचं एक टोक धरलं.
दुसरं मी.
चाकांच्या जरा पुढे, धुरेच्या बाजूला, ती म्हणाली.
मी म्हटलं, तुला कसं माहीत?
म्हणाली, आई मटारची हातगाडी अशीच भरायची,
तू लहान होतीस, वर बसलेली असायचीस,
तुलाच सारखं पुढे सरकवायची.

पट्टा पुन्हा आवळला. दांडीला आता वजन होतं,
उचलताना कंबरेला कळण्याइतकं.
ऐंशीची मर्यादा आहे, आउने म्हणाली, काट्याकडे बघत.
माहीत आहे.
माहीत होतं तर.
कायानीपर्यंत एवढंच बोलणं.

तिच्या इमारतीशी मागे घेताना चार प्रयत्न लागले.
चाक डावीकडे फिरवावं, ट्रेलर उजवीकडे जातो,
आणि घाईने दुरुस्त करावं तर घडी पडते.
आंघोळीच्या झग्यात एक शेजारी बाहेर आला,
हातवारे करू लागला, सगळे उलटे.
आउनेने त्याला आत पाठवलं.
माग दारातून गेला नाही. अर्थातच.
जिन्याखाली तिरका टेकवून आम्ही पेटीवर बसलो,
दगडांवर, बराच वेळ.

चार तासांचे सहा झाले. ताइस्तोने जादा पैसे घेतले.
पुसलं फक्त, भरल्यावर दांडी उचलून पाहिली होतीस ना?
पाहिली, म्हटलं.
दुसऱ्यांदा.