दहा रात्री, अकरा दिवस

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात.
त्यातल्या एकावर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर
आमचं ऑफिस.
भिंतीवर बर्फाचे डोंगर,
त्यांच्यावर पंखा, तीन नंबरवरच फिरणारा.
मी शिवकांता, टेबल दुसरं.
माझ्याकडे युरोप आणि बाली,
मे महिन्यात गर्दी झाली तर केरळही.

लोक विचारतात, मॅडम, बघण्यासारखं काय आहे?
मी सांगते.
व्हेनिसला पहाटे उठा. तेव्हा गल्ल्या रिकाम्या असतात,
आणि भाजीसुद्धा होडीतून उतरते.
इस्तंबूलला आधी बोटीत बसा,
मशिदी कुठं पळून जात नाहीत.
चहा येतो बारक्या कमरेच्या पेल्यात,
पावाचा तुकडा उडवला तर पक्षी वरच्या वर झेलतात.
नॉर्वेला जूनमध्ये जाड पडदा मागून घ्या,
सूर्य झोपू देत नाही.
कंबोडियात देवळावर झाड बसलंय,
आपल्या पडक्या बारवेतल्या पिंपळासारखंच,
फक्त तिथं तिकीट आहे.
आणि शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत.
हातातल्या बॅगेत नको,
मशीनला ती कळत नाही.

तुम्ही कधी गेला होता मॅडम?
असं विचारलं की मी प्रिंटर बघते.

सगळं परत आलेल्यांचं आहे.
ते चॉकलेटचा डबा ठेवतात,
खुर्ची ओढतात, तासभर बोलतात,
घरच्यांना ऐकवून झालेलं असतं.
लोखंडी कपाटावर चौतीस चुंबकं आहेत.
कपाट उघडलं की पिसाचा मनोरा पडतो.
मी उचलून लावते,
वाकडाच लावते.

वर्षातून चारदा मुंबईला जाते, व्हिसासाठी,
स्लीपर गाडीच्या वरच्या बर्थवर
पोटाशी पासपोर्टांची पिशवी घेऊन.
येरमाळ्याच्या घाटात गाडी हेलकावते
तेव्हा चौदा माणसं माझ्या हातात असतात,
डोळे उघडे, न हसणारी.
माझाही आहे एक. पानं कोरी.
फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून
केस असे मागं ओढले होते
की मीच मला दूरची नातेवाईक वाटते.

औंदा चिंतावार गेले.
नागनाथराव, आडतीवरून रिटायर,
पाकिटावर सोयाबीनचा भाव लिहून ठेवणारे,
आणि पद्मिनबाई.
बाईंनी एकच विचारलं होतं :
तिथं बसायला जागा असती का गं, नुसतं बघत?
मी यादीत लिहून दिलं, पेनानं, छापलेल्या ओळींच्या खाली :
सहावा दिवस. बाक आहे.
खरं तर मला माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी रात्री आठला फोन वाजला.
आमच्याकडे आठ दिवसांनी नळ आला होता,
परकर खोचलेला, हंडा अर्धा,
मागं बादल्या, पातेली, पोराची वॉटरबॅगसुद्धा रांगेत.
काय करूलालीस गं शिवकांता?
मागं एवढा आवाज
की आधी वाटलं सोयाबीनचं मळणीयंत्र.
राईनचा धबधबा हाय म्हणं. बघ, ऐक.
आमचे हे म्हणूलालेत,
कुणीतरी जाऊन कॉक बंद करा की!
मग दोघंही हसले. मग हसणं थांबलं,
आणि नुसतं पाणी येत राहिलं फोनमधून,
तिकडचं, चार साडेचारच्या उन्हातलं,
कुणी न भरलेलं.

मिनिटाला किती पैसे पडत असतील
हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.
बाक आहे का, एवढं विचारलं.
हाय की. वल्ला हाय, पण हाय.

मग काय सुचलं कुणास ठाऊक,
हंडा बाजूला सारला
आणि फोन नळापाशी धरला, तोटीला लागेल इतका.
तिकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग पद्मिनबाई, जोरात,
जणू पलीकडच्या गच्चीवरून :
आगं, तुझ्याकडं चांगल्या धारेनं येऊलालंय की!
भर, भर. ठेवते मी.