झडती

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या, रिबेका,
आणि त्यातली एकही आपली नव्हती.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझं काम चुका शोधायचं.
पसरलेली शाई, तिरपी कड,
केसभर सरकलेला आकडा.
कोऱ्या करकरीत गठ्ठ्यातली वाकडी नोट
बोटांना आधी कळायची, डोळ्यांना मग.
संध्याकाळी भोंगा झाला की रांग,
रांगेच्या शेवटी झडती.
दोन्ही हात वर.
डबा उघडून दाखवायचा, चपलेचा तळ दाखवायचा
आणि जेलरोडने सायकल हाणत घरी यायचं,
हलकं होऊन.

बोटं मात्र तशीच बाहेर यायची.
त्यांना फाटकावर कुणी अडवलं नाही.

घरी तीच बोटं तुझ्यावरून फिरायची.
वरणात मीठ जास्त.
रविवारच्या शाळेतल्या पोराला
न विचारता दिलेला माझा स्वेटर.
त्र्याण्णवच्या नाताळात माझ्या भावासमोर
"ह्यांना काय कळतंय" म्हणून तू हसलीस, ते.
सगळं लिहून ठेवलं, तारीखवार.
लाल पुठ्ठ्याची वही, कपाटात, बायबलच्या खाली.
वर ठेवायची हिंमत नव्हती.

काल दवाखान्यात तुझं बोट सुजलं.
साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला.
सिस्टर म्हणाली, "काका, कापावी लागेल."
शरणपूरच्या देवळात एकोणऐंशी साली घातलेली अंगठी.
वाटलं, मोठा आवाज होईल.
नखं कापताना होतो तेवढाच झाला.
तू म्हणालीस, "बरं झालं बाई, मोकळं वाटतंय."
माझ्या पोटात खड्डा.
मग ते पांढऱ्या वळाचं बोट
माझ्या तळहातावर ठेवून
तू झोपलीससुद्धा.

रात्री घरी येऊन वही काढली.
मधलंच एक पान उघडलं. अठ्ठ्याण्णव, जुलै:
"ट्रंकेतली लोकरीची टोपी
बोराड्यांच्या नातवाला देऊन आली. विचारलं नाही.
रात्री जेवली नाही. रुसवा."

रुसवा.

ती टोपी तू विणलीस
तेव्हा आपल्या घरात पाळणा येऊन ठेवलेला होता.
पाळणा परत गेला. टोपी राहिली पंधरा वर्षं,
डांबराच्या गोळ्यांत, कुणाच्याच डोक्याची न होता.
मग एका दुपारी तू ती उचललीस,
शेजारच्या जित्याजागत्या डोक्यावर घातलीस,
आणि घरी येऊन माझं ताट वाढलंस.
गरम पोळ्या. त्या मी लिहिल्या नव्हत्या.
तुझं जे सुटत होतं
ते मी धरून ठेवत होतो, शाईने,
पगारी माणसाच्या नेटकेपणाने.

पहाटे वही बंबात घातली.
एवढ्या वर्षांचं सगळं मिळून
बादलीभर पाणीसुद्धा कोमट झालं नाही.
वर दोन लाकडं घालावी लागली.

तुला वाटेल आता मी शहाणा झालो.
नाही गं. रिक्षात बसल्याबसल्या मनात आलंच,
थर्मासचं बूच तूच हरवलंस.
बोटं लगेच सुधारत नाहीत.
त्यांना रोज रांगेत उभं करावं लागणार,
रोज संध्याकाळी, भोंगा झाला की.

दवाखान्याच्या दारात वॉचमन म्हणाला, "पास?"
आणि माझे दोन्ही हात
सवयीने वर गेले.
तो हसायला लागला. मागची बाईही हसली.
मी हात तसेच ठेवले जरा वेळ.

प्रभू, बघून घे.
खिशात रुमाल, रुमालात तुटकी अंगठी.
आत, सात नंबरच्या खाटेवर जी आहे
ती माझी म्हणून मी मोजत आलो.
तुझीच आहे. हिशेब तुझ्याकडे.
मला फक्त ही पेज
गरम आहे तोवर
आत नेऊ दे.