जित्या पोरांची नावं

दोन डझन होते नफिसाच्या लग्नातले सरबताचे ग्लास,
एक दिरानं फोडला, राहिले तेवीस.
मला तेवीसच पाहिजे होते. प्लास्टिकचे चालणार नव्हते,
मॅडम म्हणाल्या होत्या, काच हवी,
बाहेरून थर दिसले पाहिजेत.

भोपळा कपिलतीर्थ मंडईतला.
बाई म्हणाली, घारगं करायलायस व्हय?
न्हाई मावशी, भुतं करायलोय.
ती हसली आणि एक फोड जास्त दिली,
भुतांसाठी.

रात्री अकरापर्यंत दोघीच होतो ओट्याशी.
काळी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं कुटली,
ती माती. तळाला दोन दोन चमचे.
वर भोपळा, गुळात शिजवलेला,
रंगाची बाटली मी उघडलीच नाही.
मग गंगावेशीतनं आणलेल्या म्हशीच्या दुधाचा चक्का,
पांढराफेक, काचेला घासून बसेल असा,
थर मोडू नये म्हणून श्वास धरून सोडलेला.
वर पुन्हा माती.
आणि मातीत उभं एक ग्लुकोजचं बिस्किट.
थडगं.

यादी फोनवर आली होती.
अन्विता, रुद्रांश, झोया, मल्हार, केतकी, जुळे दोघं...
प्रत्येकाच्या थडग्यावर ज्याचं त्याचं नाव,
क्यूट दिसेल.

चॉकलेटचा कोन हातात घेतला.
अ काढला.
पुढं हात जाईना.

आमच्यात दगड नसतो, मी म्हटलं,
राख असते, ती पण पंचगंगा घेऊन जाते.
नफिसा चाळणी आपटत म्हणाली,
आमच्यात असतो. अब्बांच्या दगडावर
पेंटरनं एक वेलांटी चुकवली,
नऊ वर्षं झाली, तशीच आहे.
दर खेपेला मी आधी तीच बघते.
मग म्हणाली, जित्या पोराचं नाव नको घालू बाई.

अ असलेलं बिस्किट तिनं तोंडात टाकलं.

मग काय पुरायचं, ते ठरवत बसलो.
गृहपाठ. सातचा पाढा.
दुधावरची साय.
इंजेक्शन. कारलं.
थोरल्याचे उतरलेले बूट
(ते दोन बिस्किटांवर लिहावं लागलं).
पाहुण्यांसमोर गाणं म्हणून दाखव.
नफिसा म्हणाली, घरमालक लिही.
म्हटलं, ही पोरांची पार्टी आहे.
म्हणाली, मग मोठ्यांना पण एखादं नको का?
नावं चिठ्ठीवर लिहिली, दोऱ्यानं बांधली
ग्लासाच्या गळ्याला, बाहेरून,
दारावरच्या पाटीसारखी.

ताराबाई पार्कात लिफ्ट बंद होती.
तिसऱ्या मजल्यापर्यंत चार खेपा,
खोका छातीशी धरून,
आत एवढी स्मशानं हलत होती.
दारात कागदी पंखांची वटवाघळं,
चादर पांघरलेलं एक भूत,
चादरीखाली शाळेचे मोजे.

मॅडमनी एक ग्लास उचलून बघितला.
मी नावं थडग्यावर सांगितली होती.
दोनशे कापले.
तेवढ्यात भूत आलं माझ्याजवळ,
डोळ्यांची भोकं वाकडी कापलेली,
काकू, सातचा पाढा खरंच मेला?
म्हटलं, सोमवारपर्यंत तरी.
ते ओरडत आत पळालं,
मेला, मेला!
आणि आतून चमच्यांचे आवाज सुरू झाले,
काचेवर, तळापर्यंत.

घरी आलो.
पातेल्यात उरलेलं सगळं एका वाटीत खरवडून घेतलं,
स्टीलच्या, बाहेरून काही न दिसणाऱ्या.
कुठला थर कुठला, आता कळायचं कारण नव्हतं.
पुड्यात एक बिस्किट उरलं होतं.
नफिसानं कोन पुढं केला,
घे, तुझं लिही.

माझ्याकडं एक नाव होतं.
मी बिस्किट कोरंच बुडवलं.

गूळ जरा करपला होता.
तिथं कुणीच काही बोललं नाही.