मिटण्यापुरतं

फेअरबँक्स सोडून चाळीस मिनिटं.
खाली युकॉन नदी, गोठलेली, वळणावळणानं पश्चिमेला.
सत्तरीचं विमान, चार इंजिनं,
पोटात अंडी, डायपर, प्लायवुड,
उनलाक्लीटच्या शाळेचा नवा फळा
आणि स्नोमोबिलच्या तेलाचे अठरा खोके.

वेरा डेमिएंटिएफ दोन पायलटांच्या मधे, जराशी मागे,
घडीच्या स्टुलावर बसते.
नदी त्यांच्या वाट्याला,
तिच्या वाट्याला काटे.

तीन नंबरचं तेल: एकवीस.
तिनं काचेवर टिचकी मारली.
एकोणीस.

डोळ्यांत तेल घालून बघणं, असं आपण म्हणतो.
तिच्या भाषेत तसं म्हणत नाहीत.
ती नुसती बघते.

हँगरमधला म्हातारा फोरमन सांगायचा,
हे इंजिन गळत नसेल तर समजा टाकी रिकामी आहे.
सगळे हसायचे, तीही.
पण त्या हसण्याला माप होतं,
तासाला तीन गॅलन.
हे दहा मिनिटांत चार.

टॉर्च घेऊन ती मागे गेली, खोक्यांमधून आडवी होत,
गोल खिडकीला नाक लावलं.
पंखावर काळा ओघळ, मागे मागे पसरलेला,
काठाशी गोठून जाड.
परतताना त्या अठरा खोक्यांवर हात ठेवून आली.
एवढं तेल उशाशी
आणि इंजिनाला एक थेंब चालत नाही.

मग राखीव टाकी. चावी तीनकडे, पंप चालू.
बाहेर उणे अडतीस,
तेल नळीतून डांबरासारखं सरकतं.
बारावरून चौदा. पंधरा.
थांबलं.
चौदा.

"किती वेळ पाजत बसायचं?" कॅप्टन लुंडीन. मान न वळवता.
लोडशीटच्या मागे तिनं पेन्सिलीनं गणित मांडलं:
उनलाक्लीट एक तास पाच मिनिटं, गलीना बावीस.
आणि खाली एक आकडा, दोनदा अधोरेखित.

कारण पाती मिटवायलाही तेल लागतं,
त्याच टाकीच्या तळाचं.
ते संपलं की मेलेलं इंजिन मेलेलं राहत नाही,
वारा त्याला फिरवतो, कोरडंच,
धातूवर धातू, लाल होईपर्यंत.

"दाब तर अजून आहे," को-पायलट रेमी. वय तेवीस.
"आहे म्हणूनच," वेरा म्हणाली.

(तिच्या आईनं हात धड होते त्याच उन्हाळ्यात
सॅमन कापायचा सुरा धाकटीच्या हातात दिला होता.
पुढची अकरा वर्षं काठावर बसून
तिच्या चुका काढत राहिली.)

थ्रॉटल मागे.
लाल बटण. अंगठा.
तीन पाती वळली, वाऱ्याला धार दाखवली,
मंदावली,
एक पातं सरळ वर, असं थांबली.
इंधन बंद. तेल बंद.
लुंडीनचा डावा पाय हळूहळू जड होत गेला
आणि मग रेमीनं न सांगता ट्रिमचं चाक फिरवलं.
उरलेली तीन इंजिनं तशीच, आपापल्या सुरात बेसूर.

गलीनाला उतरले तेव्हा उजेडाचा एक पट्टा उरला होता.
वेरा शिडी लावून पंखावर चढली, मोजपट्टी टाकीत सोडली, पुसली, परत सोडली.
आठ आणि थोडं.
तिनं वहीत आठ लिहिलं.
थोडं लिहायला रकाना नव्हता.

धावपट्टीवरचा ऑगस्टीन पिटका खाली उभा होता,
तेल त्याच्या बुटांवर ठिपकत होतं, त्याला पर्वा नव्हती.
"अंडी फुटली का?"
"नाही."
"मग एक खोका इथंच उतरवाल? तेलाचा.
माझी गाडी सकाळपासून कोरडी आहे."

वेरानं लोडशीट उलटली. मागचं गणित खोडलं नाही.
पुढच्या बाजूला अठराचे सतरा केले
आणि हातमोजा दातात धरून सही केली.