तिखटाची पुडी

यझ्दला जायचं म्हटल्यावर
बलभीम चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्या मुजीबनं
पासपोर्ट दोनदा उलटा करून पाहिला :
“मॅडम, तिकडं कामून? बातम्या बघत नाहीत का?”
आत्यानं पुडी दिली तिखटाची.
खायला नाही,
डोळ्यांत टाकायला.

बेहरूझनं मला जमिनीखाली नेलं.
अठ्ठावन्न पायऱ्या, मग गार अंधार,
आणि कुणाला न सांगता वाहत असलेलं
बोटभर पाणी.
मी म्हणाले, आमच्याकडं आहे असंच,
खजाना विहिरीत.
वाकून ओंजळ भरली तर
गुडघा तसाच वाजला.

वर आल्यावर त्यानं फोनमध्ये शोधलं : बीड.
चहा निवेपर्यंत वाचत राहिला.
मग खडीसाखरेची वाटी माझ्याकडं सरकवून, हळू :
“एकट्या राहता तिथं?
भीती नाही वाटत?”

पुण्यात खोली बघायला गेले होते,
तेव्हा गाव ऐकून
मालकीणबाईंनी विचारलंही नव्हतं इतकं.
नुसतं दार लोटलं.

रात्री त्याच्या बायकोच्या मसुराच्या आमटीत
पुडी सोडली, चिमूटभरच.
पोरं ठसकली, म्हातारी ठसकली,
बेहरूझ डोळे पुसत म्हणाला,
अजून.