पासंग

सहा वाजता भोंगा झाला, धरणातून पाणी सोडणार.
किती? कुणी म्हणे पंधरा हजार क्युसेक,
कुणी म्हणे आकडा रात्री बदलेल.
भांडीबाजारात समोरच्या पायरीवर
बशीत चहा ओतत रमणिकशेठ म्हणाले,
"कुमुदिनीताई, अजून मारुतीच्या गुडघ्यालासुद्धा पाणी नाही."

खरं होतं. मीच गंगेवर जाऊन बघून आले होते.
दुतोंड्या मारुती कोरडा उभा,
दोन तोंडं, पण विचारलं तर
एकही काही सांगत नाही.

हिरामण दोरी खांद्यावर टाकून उभा,
"वर न्यायचं का?"

वर म्हणजे माळा. लाकडी जिना, सतरा पायऱ्या,
त्यातली दहावी सैल.
खाली हंडे, बंब, परातींच्या चळती,
कुकरची पुठ्ठ्याची खोकी,
आणि सगळ्यात जड, उधारीच्या वह्या.

सहा वर्षांत चार वेळा चढवलं.
तीन वेळा पाणी कमरेशी येऊन परत फिरलं.
चढवायची हमाली, उतरवायची हमाली,
एक हंडा निसटला, त्याला पोचा आला,
तो अजून दाराशी बसून गिऱ्हाइकाची वाट बघतो.
हिरामणच्या पाठीचं तर मी वहीत लिहिलेलंच नाही.
हा हिशेब रमणिकशेठना तोंडपाठ आहे
आणि त्यात एका पैशाची चूक नाही.

चौथ्या वेळी रात्री अडीचला पाणी आलं,
दुकानात उंबरा विचारून नाही आलं.
सकाळी त्यांच्या परातींत गाळ होता, एकात मासा.
त्याही संध्याकाळी
मारुतीचे गुडघे कोरडेच होते.

भाची ऋजुता हवामानाचं शिकते.
दिवाळीला आली तेव्हा इथेच, गादीवर बसून सांगत होती,
जग तापतंय, किती ते एका आकड्यात बसत नाही,
दोन अंश, तीन, कदाचित त्याहून जास्त.
रमणिकशेठ हसले, "म्हणजे नक्की काहीच नाही म्हण की!"
ती म्हणाली,
"काका, तुमचा काटा दहा ग्रॅम इकडेतिकडे होतो,
म्हणून हंड्याला वजनच नाही का?"

मी तेव्हा बिल लिहीत होते. रक्कम चुकली.

सासऱ्यांनी मला तराजू शिकवला तेव्हा पहिली गोष्ट ही:
पारडी रिकामी असतानाच पासंग बघायचा.
माल चढल्यावर जो तो आपल्या बाजूचा होतो.
आज रिकामी पारडी डोळ्यांसमोर धरली, तर दिसलं,
काही न करण्याच्या पारड्यात
एक खडा आधीपासून पडलेला आहे.
झोपेचा.
आणि "माहीत नाही" या शब्दाला दोन टोकं आहेत,
कमी येईल,
जास्तही येईल.
आपण नेहमी जवळचं टोक धरतो
आणि त्यालाच दोरी म्हणतो.

धरणाला निदान दरवाजे आहेत,
दरवाज्यांशी एक माणूस, त्याच्याकडे फोन.
ऋजुता सांगते त्या पुराचा भोंगा
इतका हळू वाजतोय
की बाजाराला तो पंख्याचा आवाज वाटतो.
आणि त्या पुरासाठी माळा कुठाय?
सुतारालाच अजून कुणी बोलावलेलं नाही,
लाकूड किती लागेल यावर वाद चालू आहे.

"ने," मी हिरामणला म्हटलं. "वह्या आधी."
पदर खोचला, कुकरची खोकी मी घेतली,
पोचा आलेला हंडासुद्धा.
समोरून आवाज आला, "पाचव्यांदा!"
"हो, पाचव्यांदा," मी म्हटलं.
आजही फुकट गेलं तर फुकट.
तीन वेळच्या त्या हमालीचं मला
कधी कधी भाडं वाटतं,
रात्री डोळा लागण्याचं.

साडेदहाला शटर अर्धं ओढलेलं.
रमणिकशेठचा मुलगा मिक्सरची चार खोकी घेऊन दारात,
केस भिजलेले, माझ्याकडे न बघता,
"काकू, वर जागा आहे का? बाबा म्हणाले,
आपलं उगाच."

"आहे," मी म्हटलं.
"दहावी पायरी जपून."